जंतूंशिवाय सुजणारे हाड : मुलांमधील निदानाची वाट

जंतुसंसर्ग नसताना मुलांच्या हाडात दाह निर्माण होण्याच्या आजाराला क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस, थोडक्यात सीएनओ, असे नाव आहे. तो अनेक हाडांत असेल आणि पुन्हा पुन्हा उसळत असेल तर सीआरएमओ हे जुने नावही अजून ऐकू येते. १९७२ मध्ये झ्युरिकचे बालरेडिओलॉजिस्ट आन्द्रेस गीडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे पहिले वर्णन केले. ते एका रेडिओलॉजिस्टच्या हातून झाले यात नवल नाही. या आजाराला सिद्ध करणारी रक्ताची एकही तपासणी आजपर्यंत सापडलेली नाही. शरीराची उपजत प्रतिकारयंत्रणा बाहेरचा शत्रू नसतानाच हाडावर उठते, हाड झिजते आणि नंतर वेडेवाकडे भरून येते. हे सारे दिसते ते चित्रातच, म्हणून निदानाचा मोठा भार एक्स-रे आणि एमआरआयवर पडतो.

बहुतेक रुग्ण ७ ते १२ या वयातले असतात आणि त्यांत मुली जास्त. सुरुवात साधी असते: घोट्याच्या वर, गुडघ्याजवळ, गळ्याखालच्या आडव्या हाडाशी किंवा पाठीत दुखणे. दुखणे रात्री वाढते, सकाळी मूल लंगडते, दुपारी पुन्हा खेळायला जाते. ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. घरात ‘लचक भरली असेल’ किंवा ‘उंची वाढते आहे, म्हणून दुखते’ असे म्हटले जाते आणि महिने निघून जातात. वाढीच्या कळा निराळ्या असतात. त्या संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पोटऱ्यांत वा मांड्यांत येतात, चोळल्याने बरे वाटते आणि सकाळी मूल पूर्ववत धावते. सीएनओमध्ये मूल बोट ठेवून एकच जागा दाखवते, तिथे हाड दाबले की दचकते, आणि आठ दिवसांनी विचारले तरी बोट त्याच जागी जाते. अशा जागेवर तेल लावून जोरात चोळणे किंवा हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेणे टाळावे. आत ठिसूळ झालेले हाड किंवा गाठ असेल तर त्याने इजा होते.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी दुखणाऱ्या जागेपुरते थांबू नये. गळ्याखालची दोन्ही हाडे, खालचा जबडा, पाठीचा एकेक मणका, कमरेचे मागचे सांधे, दोन्ही नडग्या, घोटे हे सगळे हाताने दाबून पाहावे. तळहात आणि तळपाय उलटे करून पूभरल्या पुटकुळ्या किंवा सोरायसिसचे चट्टे आहेत का ते बघावे. वजन घटणे, वारंवार जुलाब, शौचातून रक्त असेल तर क्रोन्स आजाराचा विचार करावा, कारण आतड्याचा आणि त्वचेचा दाह या आजाराच्या जोडीने येतो. रक्तात हिमोग्रॅम, स्मिअर, ईएसआर, सीआरपी, एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज एवढे तरी हवेच. सीआरपीच्या अहवालात एकक वाचावे: कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर असते, कुठे प्रति डेसिलिटर. पहिल्या एककातले ३० म्हणजे दुसऱ्यातले ३. एकक वाचण्यातल्या एका चुकीने निदानाची दिशा फिरू शकते.

पहिली पायरी एक्स-रे

सुरुवात नेहमी साध्या एक्स-रेने करावी, दोन दिशांनी, आणि शंका असेल तर दुसऱ्या बाजूच्या त्याच हाडाशी ताडून. मुलांच्या लांब हाडात टोकाजवळ वाढीची कूर्चा असते. तिला लागून असलेला रुंद भाग, म्हणजे मेटाफिसिस, ही या आजाराची आवडती जागा. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीची दोन्ही टोके इथे तो सर्वाधिक सापडतो. आरंभी कूर्चेला खेटून काळपट पोकळी दिसते, नंतर तिच्या कडेने पांढरी घट्ट किनार येते, आणि जुन्या आजारात सगळा भागच पांढरा, जाड होतो. नव्याजुन्या खुणा एकाच हाडात शेजारी दिसणे हे या आजाराचे लक्षण आहे.

पण हाडातील खनिज साधारण ३० ते ५० टक्के घटल्याशिवाय एक्स-रेत पोकळी उमटत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांतला ‘नॉर्मल’ एक्स-रे मुलाला निर्दोष ठरवत नाही. दुखणे टिकून असेल तर पुढची तपासणी लागतेच. ‘एक्स-रे चांगला आहे, म्हणजे मूल बहाणा करते’ हा निष्कर्ष घरच्यांनी काढला तर तो मुलावर अन्याय आहे.

गळ्याखालच्या हाडाचा, म्हणजे कॉलरबोनचा, वेगळा विचार करावा. छातीच्या मध्याकडचे त्याचे टोक फुगलेले, थरावर थर चढल्यासारखे दिसले आणि मूल अन्यथा ठणठणीत असेल, तर सीएनओ पहिल्या क्रमांकावर येतो. जंतूंमुळे होणारा हाडाचा संसर्ग या हाडात क्वचितच उतरतो. याच जागी गाठ समजून घाईने शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. एका बाजूला उंचवटा, त्यावर शर्टाची कड घासली तरी दुखणे, दप्तराचा पट्टा त्या खांद्यावर नको असणे: एवढ्या तीन गोष्टी आईने सांगितल्या तरी डॉक्टरांचा हात योग्य जागी पोहोचतो.

एमआरआय : एक जागा दुखते, पाहायचे सगळे शरीर

या निदानातली सर्वांत महत्त्वाची तपासणी संपूर्ण शरीराचा एमआरआय ही आहे. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे वाढत्या मुलात ती पुन्हा पुन्हा करता येते. स्टिर नावाच्या पद्धतीत चरबीचा प्रकाश दाबला जातो आणि पाणी उजळते. निरोगी हाडातला मगज त्यात करडा, मंद दिसतो. जिथे दाह आहे तिथे सूज पांढऱ्या ढगासारखी चमकते, कडा पुसट, बहुधा कूर्चेला टेकलेली. टी-वन नावाच्या दुसऱ्या पद्धतीत तोच भाग काळवंडतो. हाडाच्या आवरणाखाली पातळ पट्टी, शेजारच्या स्नायूत थोडी सूज, जवळच्या सांध्यात थोडे पाणी हेही दिसू शकते. पूचा साठा, सुटा मृत हाडाचा तुकडा किंवा त्वचेपर्यंत गेलेली वाट मात्र या आजारात नसते. यांपैकी काहीही दिसले तर संसर्गाचा शोध आधी पुरा करावा.

मूल उजवा घोटा दुखतो म्हणून आलेले असते आणि चित्रात डाव्या नडगीचे वरचे टोक, मांडीचे हाड आणि पाठीचा एखादा मणका हेही उजळलेले निघतात. या मुक्या जागांनीच निदान पक्के होते. त्यांतही मणका चुकवून चालत नाही, कारण तो न दुखता हळूहळू दबतो. पुढची बाजू खचून पाचरीसारखा होतो, कधी पूर्ण चपटा होतो. पाठ वाकलेली दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो. म्हणून संपूर्ण शरीराच्या उभ्या छेदांसोबत मणक्याची बाजूने घेतलेली चित्रे मागावीत. हातापायांचे पंजेही तपासणीच्या चौकटीत यावेत.

जिथे संपूर्ण शरीराचा एमआरआय हा ठरलेला प्रकार नसेल, तिथे तुकड्यांनी काम भागते: खांदे व छाती, कंबर व मांड्या, गुडघे ते घोटे आणि मणके, हे सारे स्टिर पद्धतीने. शिरेतून काँट्रास्ट दर वेळी लागत नाही. गळू किंवा गाठीची शंका असेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग. चित्र वाचताना सावधगिरीही हवी. धावणाऱ्या निरोगी मुलांच्या पावलांच्या हाडांत स्टिरमध्ये उजळ ठिपके दिसतात, आणि लहान वयात लाल मगज ठिकठिकाणी असतो. पावलातला एक ठिपका म्हणजे आजार नव्हे.

मागणीच्या कागदावर ‘घोटा दुखतो, एमआरआय करावा’ एवढेच लिहिले तर अहवालही घोट्यापुरताच येतो. वय, दुखण्याचे महिने, दुखणाऱ्या सगळ्या जागा, सीआरपीचा आकडा, त्वचेवरील पुटकुळ्या, आधी घेतलेली प्रतिजैविके आणि ‘सीएनओची शंका, ल्युकेमिया वगळावा’ हे शब्द त्या कागदावर असावेत. या चार ओळींनी तपासणीचा दर्जा जितका सुधारतो, तितका महागड्या यंत्रानेही सुधारत नाही.

मुलाची तयारी घरूनच सुरू होते. तपासणी साधारण पाऊण ते एक तासाची, आणि यंत्राचा ठोक्यांचा आवाज मोठा असतो. करदोडा, पैंजण, कानातले, ताईत, धातूच्या पिनांचे केस-क्लिप हे सारे आधीच उतरवावे. करदोडा सोडायला आजीची परवानगी लागत असेल तर ती आदल्या दिवशी घ्यावी. कानात बोळे, शेजारी आई किंवा बाबा आणि आधी समजावून सांगितलेली गोष्ट, एवढ्यावर सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले स्थिर पडून राहतात. त्याहून लहान मुलांना झोपेचे औषध किंवा भूल लागते. तेव्हा उपाशी राहण्याच्या सूचना काटेकोर पाळाव्यात.

इतर तपासण्यांचा वाटा मर्यादित आहे. टेक्निशियम वापरून केलेला बोन स्कॅन सारे शरीर दाखवतो, पण त्यात किरणोत्सर्ग आहे, आणि वाढीच्या कूर्चा स्वतःच चमकत असल्याने शेजारचे दोन्ही बाजूंचे सारखे डाग त्यात लपून जातात. एमआरआय शक्यच नसेल तेव्हाच तो करावा. सीटी स्कॅन रात्री दुखणाऱ्या ऑस्टिओइड ऑस्टिओमाचा बारीक गाभा शोधण्यासाठी किंवा बायॉप्सीची सुई नेण्यासाठी उपयोगी पडतो, सरसकट नाही. सोनोग्राफीने हाडाच्या आतले दिसत नाही. हाडाबाहेरचा पू किंवा सांध्यातले पाणी दिसते.

ज्यांच्याशी गल्लत होते

हे निदान वगळत वगळत करायचे असते, आणि वगळण्याच्या यादीत सर्वांत वर ल्युकेमिया आहे. हाडदुखी हेच त्याचे पहिले लक्षण असू शकते आणि सुरुवातीला रक्ताचे आकडे जवळजवळ ठीक असू शकतात. टी-वन चित्रात सगळ्या मणक्यांचा मगज शेजारच्या चकत्यांपेक्षा किंवा स्नायूंपेक्षा काळा दिसला, प्लेटलेट्स कमी झाल्या, एलडीएच वाढला, मूल फिकट पडू लागले, तर बोन मॅरो तपासणी लांबणीवर टाकू नये. निदान होण्याआधी स्टिरॉइड देणे इथे घातक ठरते. दुखणे चार दिवस थांबते, आजार झाकला जातो आणि नंतरची तपासणी फसवी निघते.

महाराष्ट्रात क्षयाचा विचार न करता मणक्याच्या कोणत्याही आजाराचे निदान पूर्ण होत नाही. क्षय बहुधा दोन मणके आणि मधली चकती धरतो, आणि बाजूला थंड गळू तयार करतो. सीएनओ मणक्याच्या अंगात किंवा कडेला असतो. चकती बहुधा शाबूत राहते आणि गळू नसते. हा फरक उपयोगी आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. शंका राहिली तर नमुना घेऊन सीबीनाट आणि कल्चर करावे. चित्रावरून अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करून सहा महिने वाट पाहणे ही पद्धत सोडायलाच हवी.

इविंग सारकोमामध्ये हाडाबाहेर मांसल गोळा असतो आणि तो वाढत जातो. लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस मणका चपटा करतो तसेच कवटीत सुबक भोके पाडतो. सीएनओ कवटीच्या घुमटाला सहसा शिवत नाही. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यांतील कुटुंबांच्या मुलांत सिकलसेलची तपासणी आधी करावी, कारण रक्तपुरवठा तुटल्याने हाडात झालेले डाग एमआरआयमध्ये सीएनओसारखेच दिसतात.

आणि एक साधा आजार, जो हमखास विसरला जातो: स्कर्व्ही. स्वमग्न मुले किंवा ठरावीक दोनच पदार्थ खाणारी मुले, ज्यांच्या पोटात महिनोन्‌महिने फक्त दूध-बिस्किट किंवा कोरडी पोळी जाते, त्यांच्या गुडघ्यांभोवती एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंनी सारखी सूज दिसते. मूल चालणे सोडते, हिरड्या सुजतात. मोसंबी, पेरू, आवळा त्या घरात असतात, मूल ते खात नसते. ‘तो काय खातो’ एवढा प्रश्न विचारला असता, तर बायॉप्सी टळली असती अशी मुले नोंदवली गेली आहेत. क जीवनसत्त्वाने दुखणे काही दिवसांतच ओसरू लागते.

पहिल्या वर्षातल्या बाळाचा विचार वेगळा. जन्मानंतरच्या आठवड्यांतच अंगावर पूभरल्या पुटकुळ्या आणि हाडांचा दाह असेल तर डीआयआरए हा जनुकीय आजार असू शकतो. हाडदुखीसोबत न हटणारा पंडुरोग असेल तर माजीद सिंड्रोम. या दोन्हींत जनुकीय तपासणी लागते आणि उपचार निराळे आहेत. चार-पाच महिन्यांच्या बाळाचा जबडा सुजून हाडे जाड झाली असतील तर तो कॅफी आजार असू शकतो, जो बहुधा आपोआप शमतो.

बायॉप्सी कधी

प्रत्येक मुलाच्या हाडात सुई घालण्याची गरज नसते. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार लक्षणे आणि चित्रे ठरलेल्या नमुन्याची असतील, एकापेक्षा जास्त हाडे किंवा फक्त कॉलरबोन धरले असेल आणि सीआरपी ३० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल, तर बायॉप्सीविना निदान करता येते. कॉलरबोन सोडून एकच हाड असेल किंवा सीआरपी त्याहून जास्त असेल तर बायॉप्सी करावी, आणि त्या वेळी मूल प्रतिजैविकांवर नसावे. ताप, वजन घटणे, बिघडलेला हिमोग्रॅम किंवा हाडाबाहेरचा गोळा असेल तर कोणतेही निकष बाजूला ठेवून बायॉप्सीच करावी. ती एमआरआयनंतर, गाठ निघाल्यास पुढची शस्त्रक्रिया जे करणार त्यांच्या सल्ल्याने करावी. नमुन्याचा एक भाग पॅथॉलॉजीला आणि एक जंतू व क्षयाच्या कल्चरला जायलाच हवा. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवला की कल्चरची संधी कायमची जाते, आणि ही चूक अजूनही होते.

बेलापूरहून निघताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या बेलापूर आणि आसपासच्या उसाच्या गावांतील मुलांसाठी पहिला एक्स-रे आणि रक्ततपासणी श्रीरामपुरात होऊ शकते. शाळा-अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. लंगडणारे मूल त्यांना आवर्जून दाखवावे. पुढच्या टप्प्यावर लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय सोयीचे, कारण वैद्यकीय महाविद्यालय असल्याने बालरोग, अस्थिरोग, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एका आवारात भेटतात. त्यापलीकडे पुण्याचे ससून, आणि मुंबईत परळला मुलांचे वाडिया रुग्णालय. गाठीची शंका असेल तर परळलाच टाटा मेमोरियल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तपासणीचा खर्च केव्हा बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

मुंबईच्या रुग्णालयात नाव नोंदवताना पत्ता ‘बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर’ असा पूर्ण लिहावा. नुसते बेलापूर लिहिले की तिथे नवी मुंबईचे बेलापूर समजले जाते, आणि क्षयाची नोंद किंवा पुढच्या तारखेचा निरोप भलत्याच गावाला जातो.

निदान ठरल्यावर बहुतेकांना नेप्रोक्सेनसारखी दाहशामक औषधे जेवणानंतर दिली जातात. मणका धरला असेल किंवा त्यांनी भागत नसेल तर मेथोट्रेक्सेट, पॅमिड्रोनेट किंवा टीएनएफरोधक औषधांकडे जावे लागते. शेवटच्या गटाआधी लपलेल्या क्षयाची तपासणी सक्तीची आहे. दुखणे थांबले म्हणजे दाह थांबला असे नसते. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तोच एमआरआय, शक्यतो त्याच पद्धतीने, करून जुन्या चित्रांशेजारी ठेवावा लागतो. जुनी चित्रे नसतील तर नवीन डाग कोणता आणि भरत आलेला कोणता हे कुणालाही सांगता येत नाही. ऊसतोडीला दर हंगामात गाव बदलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे फार घडते. मूल नव्या डॉक्टरांपुढे येते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या एक्स-रेपासूनची प्रत्येक फिल्म, सीडी आणि अहवाल रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवावेत, आणि मुलाबरोबर ती पिशवीही न्यावी.